आलं का?

'पाणोठा' गुरुवारी लागायची, साडेआठला.
बोरगव्हाणात टीव्ही एकच, पोस्टमास्तर मेश्रामांकडे,
आणि अँटेना धरणारा एकच, मी.
वय अकरा.
टिनावर पाय न वाजवता चढता येतं,
एवढंच भांडवल.

खालून आवाज यायचा : आलं.
मग : गेलं.
मग : थोडा दारव्ह्याकडं फिरव.
मग साऱ्या एकदम : हां हां, तसाच राय, हालू नोको!
आणि मी तसाच राहायचो,
गार पाईप दोन्ही हातांत,
नाकाला खाज सुटली तरी.

अशी मी ती मालिका पूर्ण पाहिली.
म्हणजे ऐकली.
म्हणजे टिनातून जेवढी वर आली तेवढी :
एक दार, एक खोकणारा सासरा,
मंदाकिनीचं 'मी निघते',
आणि लगेच बायांचं 'अगं माय'.
त्या 'अगं माय'मध्ये काय घडलं
ते मला शुक्रवारपर्यंत कळायचं नाही.

शुक्रवारी शाळा बुडवून वेचणीला.
पऱ्हाटीच्या तासात गुंफाबाई पुढं,
कमरेला ओटी, बोटं बोंडांत, तोंड मालिकेत.
लाइन गेलेली असली की राहिलेलं ती सांगायची.
गेलेली नसली तरी सांगायची.
सोमवारपर्यंत एका भागाचे तीन व्हायचे.
पंचफुला म्हणे, तिचा नवरा काही येत नाही पाय.
बेबी म्हणे, येते, पण आंधळा होऊन.
यावरून दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत.
बुधवारी कापूस मोजताना बोलल्या,
कारण दुसऱ्या दिवशी गुरुवार,
आणि मेश्रामांच्या सतरंजीवर
दोघींची जागा लागून.

परवा मोनालीनं शोधून काढली.
बाबा, सव्वीसच भाग आहेत, रात्रीत होतील.
तिचं सगळं रात्रीतच होतं.
एकेका बैठकीला दहा-दहा भाग,
सकाळी डोळे सुजलेले,
आणि विचारलं काय पाहिलं, तर : भारी होतं.

पांघरुणात फोन धरून बसलो.
एक भाग संपला की पाटी यायची :
पुढचा भाग पाच सेकंदांत.
पाच सेकंद.
गुंफाबाईला तंबाखूत चुना मळायला
याहून जास्त लागायचे.

मंदाकिनीला तोंड होतं.
हे मला नवीनच.
देखणी, बारीक जिवणीची कोणी बाई.
मी तिला इतकी वर्षं
गुंफाबाईचे पुढं आलेले दात देऊन ठेवले होते.

आणि मी थांबलो होतो त्या एका जागेसाठी :
मंदाकिनी निम्म्या वाटेत एसटीतून उतरते,
पायी घरी येते, खिळ्यावरची किल्ली काढते,
विहिरीत टाकते.
परत येऊन बसते तर एसटी तिथंच उभी,
कंडक्टर दुसऱ्यांदा पैसे घेत नाही.

कोंबडा आरवला तेव्हा सव्विसावा संपला.
नवरा आला, बॅग ठेवली.
तिनं चहा टाकला.
नावं वर सरकायला लागली.

एखादा भाग गाळला का गं?
मोनालीनं मोजले. सव्वीसच्या सव्वीस.
विहीर कुठंच नाही.

गुंफाबाई आता दिग्रसला, लेकाकडे.
तिला फोन लावला, स्पीकरवर.
तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
ते तुले कुठून दिसन बाबू,
त्या गुरुवारी लाइन कुठी होती?

मोनाली पुढं सरकली :
आजी, मग किल्ली टाकल्यावर पुढं काय होतं?

भाकर करपून रायली माय.
उद्या सांगतो.

फोन बंद झाला.
मोनाली त्याच्याकडे पाहत राहिली,
पाच सेकंद,
मग आणखी पाच.