सकाळचं दुसरं

पहिलं सोडून द्यायचं, मी सांगते,
ते रात्रभराचं साचलेलं असतं.
मग पेलाभर पाणी, आणि दुसऱ्या वेळेचं
या बाटलीत. उपाशीपोटी.
वरून काळा कागद गुंडाळा,
जे मोजायचं तेच उजेडात विरतं.

ठगूबाई भदाणे, सदुसष्ट,
काउंटरवर एक हात टेकून ऐकते.
दुसरा प्लास्टरमध्ये.
"हाड मोडनं हातनं,
आनि तुम्ही मुतमा काय शोधतस व माय?"

मांडे करायची ती. अमळनेरपासून पारोळ्यापर्यंत
तीस वर्षं लग्नसराईत, उलट्या खापरावर.
पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत
कोपरापर्यंत असा उतरवायचा
की पलीकडची चूल त्यातून दिसावी.
यंदा बेटावदला, एकशे चाळिसाव्या मांड्याला
मनगट वाजलं.
पडली नाही, घसरली नाही.
मांडा मात्र खापरावर नीट बसला,
हे ती तीनदा सांगते.

कसं समजवायचं. बाजेचं सांगितलं.
हाड म्हणजे नुसता चुना नाही, मावशी,
आत सुंभ आहे, पिळावर पीळ,
आणि सुंभाला सुंभ धरून ठेवणाऱ्या गाठी.
बाज सैल झाली की आपण उसवतो, पुन्हा विणतो.
अंगातही तेच चालतं, जन्मभर, कुणाला न विचारता.
उसवलेलं थोडंफार कुठे ना कुठे कामी येतं.
गाठ येत नाही.
कापलेली गाठ रक्तात उतरते,
मूत्रपिंडातून गळते, जशीच्या तशी बाहेर.
मी त्या मोजते.

"कितल्या शेतस?"

नुसत्या मोजून भागत नाही.
कुणी तांब्याभर पिऊन येतं, कुणी घोटभर,
म्हणून क्रिएटिनिननं भागायचं.
हे तिला लगेच पटलं.
पातळ पुरणाचं वजन धरायचं नसतं, म्हणाली.

पहिली बाटली मी परत केली.
पहाटे चारचं आणलं होतं, सगळ्यात आधीचं,
ताजं म्हणून.
दुसरी आली लग्नपत्रिकेत गुंडाळून,
आतून खापराची काजळी फासलेली.
गणपतीचा तुकडा तिनं आधीच फाडून घेतला होता.

आकडा आला. वरच्या रेषेच्या दुप्पट.
इतकं उसवत होतं आणि दुखलं काहीच नाही.
पाळी जाऊन अठरा वर्षं झाली,
विणणारे हात थकतात, उसवणारे थकत नाहीत,
असं काहीतरी मी बोलून गेले.
आणि रात्री जास्त उसवतं, हेही.
ते बोलायला नको होतं.
"रातले?" ती म्हणाली. "मी तं तवय झोपेल ऱ्हास."

डॉक्टरांनी आठवड्याची गोळी लिहिली,
घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
तीन महिन्यांनी पुन्हा बाटली.
हाडाच्या फोटोत फरक दिसायला
वर्ष-दोन वर्षं जातात,
लघवी आधी बोलते.

आज आली. प्लास्टर नाही,
मनगट जरा वाकडं बसलंय.
सून मांडे शिकतेय म्हणाली,
ही बाजूला बसून तोंडानं करते.
गोळा फाटतो. फाटला की ही स्वतःचंच मनगट धरते.
चारच्या आत घरी जायचं होतं, समोरच्या बोरीत
वाळूचे ट्रॅक्टर उतरले की रिक्षा मिळत नाही.

प्लेटमध्ये एक घर रिकामं उरत होतं.
किट महाग, रिकामं कशाला घालवा,
सकाळचं दुसरं माझंही होतं,
एक्कावन्नावं सरतंय.

या तपासणीत रंग उलटा बोलतो,
गाठी कमी तर पिवळा गडद.
तासाभरानं पाहिलं.
ठगूबाईचं घर मागच्यापेक्षा चांगलंच चढलं होतं,
हरभऱ्याच्या डाळीसारखं.
शेजारचं फिकं.

मशीन अजून वाचायचं आहे.
रजिस्टरात त्या घरापुढे
मी नाव लिहिलेलं नाही.