नंतर बघू

जुन्या मशीनमधून निघाली ती एकच फाईल.
चारशे सदोतीस प्रमेयं, नावानिशी,
प्रत्येकापुढे हिरवी खूण: सिद्ध.
कसं सिद्ध, ते कुठेच नाही.
आमच्याकडे संत्र्याच्या पेटीवर ठेकेदाराचं नाव असतं,
झाडाचं नसतं, तसं.

मला त्याची साधी लिहिलेली पटकथा करायची आहे.
उद्या कुणी कोऱ्या मशीनवर
पहिल्या ओळीपासून चालवली, तर
माझ्याशिवाय, या फाईलशिवाय
तिथेच पोचावी.

या आठवड्यात मळ्यात वीज रात्री बारा ते आठ.
मोटर सुरू होते, मीही.

आधी नावांच्या अकारविल्हेनं उतरवलं. सगळं कोसळलं.
भागाकाराला गुणाकार लागतो, गुणाकाराला बेरीज,
आणि बेरीज यादीत बसलेली खाली, 'ब'मध्ये.
मग कोण कोणावर टेकलंय ते शोधत
दोन रात्री नुसती वंशावळ लावली.

ओलिताला आलेल्या गोहत्रे काकू खिडकीत थांबल्या,
पायाला गुडघ्यापर्यंत चिखल.
"काहून जागी हायेस वं? पिच्चर पाहून राह्यली का?"
"नाही काकू. जुना हिशेब पुन्हा मांडून राह्यली."
"जमला नव्हता का तवा?"
"जमला होता."
"मंग?"
मी पाणी प्यायला उठले.

एकशे सतराला गृहीतकांचा क्रम फिरलेला,
जुनी युक्ती भलत्याच्याच हाताला धरत होती. सुधारलं.
दोनशे बाराला मशीन थांबलं ते थांबलंच.
एकही पायरी लागेना.
आणि पुढचे एकसष्ट जण त्याच्यावर रेलून उभे.

फाईलचं पोट उकरलं. खुणेच्या मागे टिपण,
अकरा वर्षांपूर्वीची तारीख:
मान्य धरले, नंतर बघू..
मशीनला हस्ताक्षर नसतं.
पण वाक्याच्या शेवटी दोनच टिंबं देऊन थांबणारी
आमच्या खोलीत मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी बेलसरे सरांना दाखवायचं होतं.
त्यांनी हिरव्या खुणा वरपासून खालपर्यंत पाहिल्या
आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.

मग कागद घेतला.
एकाला चालतं. दोनाला, तीनाला.
सताराला तर सुरेख चालतं.
शून्याला नाही.
शून्य घालून पाहायला
मला तेव्हा वेळ झाला नव्हता.

तीनच शब्द वाढवले: 'शून्य नसेल तर'.
आता एकसष्ट जणांच्या दारी जाऊन विचारायचं,
बाबा, तुझ्या घरी शून्य आहे का?
सात जणांकडे विचारून झालं. एकाकडे निघालं.

बाहेरून काकूंची हाक,
शेवटच्या ओळीले पाणी पोचलंच नाही म्हणून
कोणाला तरी शिव्या.
आठला पंख्यासकट सगळं गेलं.

पटकथा दोनशे एकोणिसावर आहे.
आज रात्री बाराला
पुन्हा पहिल्या ओळीपासून.