दीड वाटी

मर्थर टिडफिलच्या चढावरच्या या घरात
नोव्हेंबर लागला की माझी सकाळ पंचानं सुरू व्हायची.
चहाच्या आधी खिडक्या.
काचेवर वरून खाली पंचा ओढायचा,
चौकटीच्या कोपऱ्यात बोट घालून टिपायचं,
पातेल्यात पिळायचं.
हेरंब घरीच असायचा त्या दिवसांत.
एकदा त्यानं ते पाणी मोजलं:
दीड वाटी.
तिघांचे रात्रभरचे श्वास,
रेडिएटरवर घातलेले शाळेचे मोजे,
कुकरच्या तीन शिट्ट्या,
आणि थोडं बहुधा ते, जे आम्ही बोलत नव्हतो.

मृण्मयी माझ्या आधी खिडकीशी.
घामेजल्या काचेवर बोटानं एकच अक्षर,
ळ.
शाळेत कुणालाच म्हणता येत नाही
म्हणून तिचं लाडकं.
मागून मी पुसत यायचे:
बाळ, कावळा, डोळा.

खिडक्या खाणीच्या काळातल्या.
लाकूड असं, की नखानं उकरावं.
वारा विचारून येत नसे,
पडदा आपला आपण हलायचा.
फटीत कोंबलेल्या वर्तमानपत्राचा
तिसऱ्या दिवशी लगदा.

फेब्रुवारीत एम्लिन आला, बोटाबोटाला चिकटपट्ट्या,
चहात साखर तीन चमचे.
दाढा उपटाव्यात तशा त्यानं पाच खिडक्या उपटल्या.
दुपारी भिंतींना नुसती भोकं,
आम्ही कोट घालून वरणभात जेवलो.
संध्याकाळपर्यंत दुहेरी काच, पांढऱ्या चौकटी.
समोरच्या कुत्र्याचं आता फक्त तोंड हलायचं.
चार हजार आठशे पौंड.
त्यातले माझ्या ओव्हरटाइमचे किती, हे हेरंबनं विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी काच कोरडी ठणठणीत.
पंचा धुऊन, घडी घालून ठेवून दिला.
मृण्मयी बोट टेकवून उभी:
"आई, उमटतच नाही काही."

एप्रिलात कपाट सरकवलं.
मागे उत्तरेच्या भिंतीवर
आधी तीट लावल्यासारखे ठिपके,
खाली जाईतो काजळाची अख्खी डबी सांडलेली.
मुलाखतींसाठी शिवलेला हेरंबचा सूट,
दोनदा घातलेला,
कॉलरवर हिरवट लव.
तो म्हणाला, "बघ, यालाही काम मिळालं."
मी हसले नाही. मग हसले.
मग दोघंही पलंगाच्या कडेवर बसून राहिलो,
आणि बऱ्याच महिन्यांनी
तो बोलत गेला, अंधार पडेपर्यंत.

एम्लिननं भिंतीला तळहात लावला.
म्हणाला, पाणी कुठं गेलं नव्हतं,
काचेवर थांबायचं ते भिंतीकडे वळलं.
तुमचं जुनं घर फटींतून श्वास घेत होतं,
फटी तर मीच बुजवल्या, तुमच्या पैशानं.
मग स्टुलावर चढून
चौकटीच्या माथ्यावरची बारीकशी झडप सरकवली.
थंडी येते म्हणून मीच लावून टाकली होती ती,
पहिल्याच रात्री, वर टेपसुद्धा.

आता भाताच्या पातेल्यावर झाकण.
मोजे परसात, आभाळानं परवानगी दिली तर.
सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघड्या,
हेरंब घड्याळ लावून उभा, गारठलेला.
न्हाणीघरात पंखा,
म्हाताऱ्या माणसासारखा घसा खाकरत सुरू होणारा.
भिंत सोड्यानं घासली, रंगवली. एक डाग तरी दिसतोच,
कुठं आहे ते माहीत असलं तर.

जुन्या दोन काचा त्यानं ठेवून घेतल्या होत्या,
टोमॅटोच्या रोपांवर झाकायला.
परवा गार पहाटे मी परसात गेले,
तर काचेवर दव,
आणि दवातून हळूहळू वर येणारं
तेलकट बोटानं कधीतरी गिरवलेलं:
ळ. त्याच्या खाली अर्धा ळ.
काच पालथी होती, तरी वाचता आलं,
दोन वेटोळी, इकडून पाहा की तिकडून.
इतके महिने मी पुसत होते
ते पुसलं जातच नव्हतं.

आत कुणीतरी पंखा बंद करायला विसरलं होतं.
राहू दे म्हटलं.