विषय : गच्चीची किल्ली मिळणेबाबत

मा. सचिव घैसास साहेब यांस,
ब विंग, फ्लॅट एकशे दोनमधून
वृंदा शेलार हिचा सविनय अर्ज.

कणाद, वय वर्षं सात, रात्री श्वास घेतो तेव्हा
छातीत कुणी दार उघडतं,
बिजागरीला तेल नसलेलं.
तुम्ही चौथ्या मजल्यावर. ऐकू येत नसेल.

धायरीचा रस्ता तीन वर्षं उकरलेला आहे.
धूळ नको म्हणून मी खिडक्या लावल्या,
फटींत ओली फडकी कोंबली,
खाली खेळायला पाठवणं बंद केलं.
मूल जपलं मी,
पोत्यात बटाटे जपतात तसं.

रक्ताच्या कागदावर आलं : अकरा.
डॉक्टर बागवान म्हणाल्या, वीस तरी हवेत.
म्हणाल्या, दम्याच्या मुलांत हे ड बऱ्याचदा कमी सापडतं,
कशामुळे काय, हे छातीठोक सांगता येत नाही
(छातीठोक हा शब्द त्यांचाच),
पंप थांबवायचा नाही,
आठवड्याला एक पुडी दुधातून,
आणि ऊन.

ऊन मी घरभर शोधलं, साहेब.
समोर क विंग उभी राहिल्यापासून ते
सव्वाअकराला येतं,
गॅलरीच्या कठड्यावर परक्याच्या मांजरासारखं बसतं,
साडेअकराला उठून जातं.
कणाद तेव्हा शाळेत,
ट्यूबलाइटखाली सूर्यमाला शिकतो.
रविवारी त्याला बंद काचेपाशी बसवला,
तर कळलं, काचेतून येतो तो नुसता उजेड.
कामाचं असतं ते बाहेरच राहतं.

गच्चीवर मात्र ते दिवसभर पडून असतं.
सोलरच्या नळ्या, टाक्या, मोडकी खुर्ची,
वहिनींचे सांडगे,
सगळ्यांच्या वाट्याला येतं.
सांडग्यांचा हेवा वाटावा
अशी वेळ माझ्यावर याआधी आली नव्हती.

नियम माहीत आहे. मुलं वरून दगड टाकतात,
टाकीचं झाकण उघडतात.
हा नाही टाकणार. हा वर पोचतो तोच
वाटेत दोनदा बसून.
रविवारी अकरा ते साडेअकरा, मी सोबत असेन.
शर्ट काढायला लाजतो, बरगड्या दिसतात.
तेवढा वेळ कुणी वर येऊ नये,
असं सांगता आलं तर बघावं.

रिपोर्टची झेरॉक्स जोडली आहे.
उन्हाने तो बरा होईल असं मी लिहीत नाही.
असं कुणीच म्हणालेलं नाही.

कळावे.

ता. क. काल आम्ही गच्चीच्या दारापर्यंत जाऊन आलो.
कुलूप होतंच.
दाराखालून बोटभर ऊन पायरीवर आलं होतं.
कणादने त्यात एक तळहात ठेवला,
मग तो काढून दुसरा.
म्हणाला, आई,
इथे एका वेळी एकच मावतो.