साडेसात

शनिवारी नऊच्या आत आकडा हवा.
दहापैकी. अर्धा चालेल, पाव नाही,
असं देवस्थळी म्हणाला, आणि वर म्हणाला,
आठ नको देऊस, गेल्या तिन्ही गेमना आठच दिलेस,
लोकांना वाटतं तू खेळतच नाहीस.

खेळते मी. एकोणतीस तास खेळले
धायरीतल्या या तिसऱ्या मजल्यावर,
खाली गिरणीचा पट्टा फिरत असताना.
एक बेट, त्यावर सत्तावीस कंदील,
आणि ते पेटवत हिंडणारी एक बाई, जिला पळता येत नाही.
(हे मी आधी उणिवांत लिहिलं: नायिका पळत नाही.
मग खोडलं. मग जमेच्या बाजूला लिहिलं.)

आकडे द्यायला मी शिकले नझीरचाचांकडे,
नाना पेठेत, चपलांच्या गोदामामागे.
तीन टीव्ही, सहा रिमोट, तासाला पाच रुपये.
कॅसेटवर छापलेलं: नऊ लाख नव्व्याण्णव हजार गेम.
आत चारच. तेच चार, रंग बदलून बदलून,
आणि फुंकर मारल्याशिवाय तेही नाहीत.
चाचांची एक वही होती, दुधाच्या हिशेबाची असते तशी.
ज्या गेमवरून पोराला ओढून न्यायला आई स्वतः आली
त्या गेमला एक रेघ.
लाटण्यासकट आली तर दोन.
रणगाड्यांच्या गेमला एकोणीस होत्या.
माझी आई कधी आली नाही.
मुली अशा जागी नसतातच, हे तिला पक्कं ठाऊक,
म्हणून ती मला वाचनालयात शोधायची.
माझी रेघ त्या वहीत नाही.

परवा गुरुवार. गुरुवारी लाइट जाते हे
पुण्यात जन्मलेल्या मांजरालाही माहीत असतं.
मी विसरले.
बाविसावा कंदील पेटवून उतारावर आले होते,
मागून एक कुत्रा येत होता, एका कानाचा.
गेमनं त्याला नाव दिलं नव्हतं. मी दिलं, सांगणार नाही.
थांबलं की थांबायचा.
मी चहा ठेवायला उठले तरी बसून होता
बाईच्या सावलीत, सावली सरकेल तसा सरकत.
दहा वाजून चार मिनिटं.
पंखा मंदावला, गिरणी गप्प,
काळ्या काचेत मी, हातात रिमोट.

लाइट आली साडेचारला.
गेम म्हणाला, एकोणिसावा कंदील.
तिन्ही पुन्हा पेटवले. तोच उतार, तीच वाट,
तेवढंच हळू, तेवढ्याच वेळा थांबत.
अगदी चहासुद्धा ठेवला.
कुत्रा आला नाही.
रात्री अडीचपर्यंत हाका मारल्या,
म्हणजे हाकेचं बटण नाहीये,
शिट्टीचं आहे, ते दाबलं.
इचलकरंजीच्या जयदीपला विचारलं, तोही यावर लिहितोय,
चाळीस तास झालेत त्याचे.
म्हणाला, कुत्रा? अगं, यात प्राणीच नाहीत.

आता लिहायचं काय?
चित्रं: देखणी. आवाज: समुद्र जरा जास्तच.
मराठी भाषांतर: 'कंदील विझवा'च्या जागी 'कंदील ठार करा'.
किंमत: दिवाळीत उतरेल, थांबा.
कुत्र्याबद्दल लिहावं
तर लोक त्याच्यासाठी विकत घेतील
आणि शिव्या मला घालतील.

नऊला पाच कमी. पाठवलं: साडेसात.
देवस्थळी म्हणाला, साडेसाती का गं? अर्धा कसला?
समुद्राचा, म्हटलं.
दिला की कापला, ते त्यानं विचारलं नाही.

काम संपलं. यापुढच्या खेळाचे पैसे नाहीत.
दार लोटलं, पडदा ओढला,
एकोणिसाव्या कंदिलापासून पुन्हा.
आज लाइट जायची नाही.
बाई चालतेय. मी दर दहा पावलांवर
ते बटण दाबतेय.

फोन वाजतो. आई.
दीड वाजून गेला, जेवलीस का?
म्हटलं, आले आले,
एवढा उतार होऊ दे.