पुरावा क्रमांक चार

वर एडिंबरा, कोर्ट ऑफ सेशन.
त्याच्याही वर लंडन.
उतरंड अशी. पण आमचं जमिनीचं कोर्ट
गमबूट घालून लुइस बेटावर येतं,
गावच्या हॉलात बसतं,
पायांखाली बॅडमिंटनच्या पिवळ्या रेघा.

डोलिनाबाई गेलिकमध्ये बोलतात.
तिघांतल्या एकाला ती यावीच लागते,
कायदाच आहे तसा. तो मान डोलावतो.
मी, कारकून, नुसताच पेन धरून.

मग सगळी वरात कुंपणाकडे.
मर्डो म्हणतो, खांब इथे होता.
बाई काही म्हणत नाहीत.
चार पावलं पलीकडे, काळ्या दलदलीत
कोपरापर्यंत हात घालतात
आणि कुजका बुंधा उपसून
न्यायाधीशांच्या हातात देतात, गळता.
मर्डोच पुढे करतो रुमाल.

बाईंच्या पेन्शनचं न्यायाधिकरण निराळं,
ते फोनवरच भरतं;
मर्डोची मेंढी चावली कुणाला, ते शेरिफकडे.
इथे फक्त हा खांब.

पिशवी नव्हती. बुंधा मी
माझ्या जेवणाच्या डब्यात ठेवला.
निकाल महिन्याभराने,
नाही पटला तर एडिंबरा.

बोटीत डबा मांडीवर.
शेजारचा विचारतो, काय आणलंत?
मी म्हणतो, जमीन.
थोडीशीच.