फळ्यावरचा बुधवार

बुधवारी अकरा वाजता, सभागृह क्रमांक एक
(दुसरं सभागृह नाहीच आपल्याकडे).
विषय : झाडीपट्टीतील दंडार, स्वरूप आणि परंपरा.
वक्ते नागपूरचे. नाव लांब;
खडू 'डॉ.'पाशीच मोडला.

गुरुवारी रांगोळी, शुक्रवारी वादविवाद,
शनिवारी स्नेहसंमेलन, लाइन राहिली तर.

नन्नावरे शिपाई ओल्या फडक्यानं
मागच्या महिन्याचं व्याख्यान पुसतात.
'मृदा आणि' एवढं जात नाही, घासून घासून.
मग म्हणतात, "मॅडम, अकरा नोका लिहू,
नागभीडची गाडी साडेबाराशिवाय येत नाही."
मी अकराच लिहिते. पत्रिकेत तसंच छापलंय.

खुर्च्या साठ. पोरं धान कापायला गेलेली.
पंधरा येतील. चहा वीस सांगू.

जाता जाता ते फळ्यापुढं थांबतात,
'दंडार' वाचतात, ओठ हलवून,
आणि उजवा पाय
चपलेतून हळूच काढून
फरशीवर ठेवतात एकदा,
बोटं आधी, मग टाच,
पायजमा जरासा वर ओढून,
चाळ बांधायचे तिथवर.

मी खडूचा तुकडा शोधत असते.

"पाणी बाटलीचं आणू," ते विचारतात,
"का माठातलं चालते त्यायले?"